देवराईची हद्द : वनरक्षणाच्या जुन्या साधनांचा विचार

१. प्रस्ताव

सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस, विशेषेंकरून मावळांत व कोंकणांत, गांवाच्या शिवेवर अथवा डोंगराच्या कुशींत दाट झाडीचा एखादा तुकडा राखलेला आढळतो. भोंवतालचें रान विरळ किंवा पार बोडकें झालेलें असलें तरी या तुकड्यांत जुनीं उंच झाडें, मनगटाहून जाड वेली आणि पुष्कळदां एखादा झरा किंवा पाणवठा असतो. आंत वाघजाई, काळकाई, भैरव अशा एखाद्या दैवताचा तांदळा असतो. त्यावर छप्पर असतेंच असें नाहीं. घाटावर या तुकड्यास देवराई व कोंकणांत देवरहाटी म्हणतात. राई हा शब्द संस्कृत राजि, म्हणजे ओळ अथवा पंक्ति, यापासून आला असावा. आम्रराजि-आमराई हें उदाहरण त्यास पोषक आहे. रहाटी या शब्दाचा मराठींत रीत, वहिवाट असाही एक अर्थ आहे. त्यावरून देवरहाटीची व्युत्पत्ति ठरविण्याचें धाडस करूं नये. तथापि देवरहाटी ही जशी एक जागा तशीच ती एक वहिवाट, हें पुढील विवेचनावरून दिसून येईल.

हा विषय वनस्पतिशास्त्रज्ञांचा. इतिहाससंशोधकांशीं व हस्तलिखितांच्या संग्राहकांशीं त्याचा काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर असें कीं, देवरायांच्या रक्षणाचा प्रश्न आज तीन मुद्द्यांवर येऊन ठेपला आहे : जागा कोणाची, तिची हद्द कोठवर, आणि तींतून काय घेण्याची कोणास मुभा होती. झाडांची मोजदाद करून या प्रश्नांचा उलगडा होत नाहीं. तो जुन्या कागदांवरून व्हावयाचा. आणि ते कागद आपल्यापैकीं अनेकांच्या संग्रहीं, रुमालांत बांधलेले, आहेत. ते कोणते, त्यांचा उपयोग कसा होईल, आणि ते वाचतांना कोणती सावधगिरी बाळगावी, हें सांगणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. देवरायांचें शास्त्रीय संशोधन

हिंदुस्थानचे पहिले वन-महानिरीक्षक डीट्रिख ब्रँडिस यांची नेमणूक १८६४ सालीं झाली. त्यांनीं १८९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या लेखनांत देशाच्या बहुतेक प्रांतांत देवाच्या नांवानें राखलेलीं वनें असल्याची नोंद केली आहे. तथापि महाराष्ट्रांतील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास होण्यास पुढें पाऊण शतक लागलें. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेंतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक व परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनीं सह्याद्रींत हिंडून केलेलें संशोधन १९७३ पासून प्रसिद्ध होऊं लागलें. १९७६ सालीं पश्चिम घाटांतील देवरायांवरील त्यांचा विस्तृत निबंध व १९८१ सालीं महाराष्ट्रांतील देवरायांची यादी प्रसिद्ध झाली.

या संशोधनाचा निष्कर्ष थोडक्यांत असा. देवराईंतील झाडी ही त्या त्या प्रदेशाच्या मूळ वनाची शिल्लक होय. गारंबीसारख्या महावेली व अन्यत्र दुर्मिळ झालेलीं झाडें तेथें टिकून राहिलीं आहेत. राईचा आकार बहुधा लहान, कांहीं गुंठ्यांपासून कांहीं एकरांपर्यंत, क्वचित् त्याहून मोठा. निर्बंध सर्वत्र सारखा नाहीं. कोठें वाळलेलें पानही उचलावयाचें नाहीं, कोठें पडलेलें लाकूड देवाच्या कामास वापरतां येतें, तर कोठें दैवताचा कौल लावून, गांवानें मिळून, एखादें झाड तोडतां येतें. या राखणीचें मूळ शेतीपूर्व काळांतील मातृदेवतांच्या उपासनेंत असावें असा तर्क करण्यास या दोघां संशोधकांस दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या १९६२ सालच्या इंग्रजी ग्रंथांतील विवेचनाचा आधार मिळाला.

राया नष्ट होण्याचीं कारणेंही या व नंतरच्या अभ्यासांत नोंदलेलीं आहेत. धरणांमुळें गांवें उठलीं, रस्ते होऊन लाकडास गिऱ्हाईक आलें, जुना निर्बंध पाळणारी मंडळी पोटासाठीं शहरांत गेली. आणि सर्वांत चमत्कारिक कारण म्हणजे देवभक्तीच. उघड्यावरील तांदळ्यास पक्कें देऊळ बांधावें, त्यासाठीं पैसा उभा करावा, आणि तो राईंतील झाडें विकून करावा, असा प्रकार अनेक ठिकाणीं घडला. झाडी हेंच ज्या देवीचें मंदिर होतें तिला भिंती मिळाल्या आणि मंदिर गेलें.

याच्या उलट उदाहरणही देण्याजोगें आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत दोडामार्ग तालुक्यांतील बांबर्डे येथें जायफळाच्या कुळांतील झाडांची एक दलदलीची राई आहे. या झाडांचीं मुळें चिखलांतून गुडघ्यासारखीं वर येऊन हवा घेतात. अशीं दलदलीचीं वनें मुख्यतः केरळ व कर्नाटक प्रांतीं आढळतात. बांबर्ड्याचा हा तुकडा सुमारें अडीच हेक्टरांचा; गांवानें तो देवाचा म्हणून राखला म्हणूनच शिल्लक राहिला, आणि २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें त्यास जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केलें. लहान तुकड्याचें मोल केवढें असूं शकतें, हें यावरून ध्यानीं येईल.

३. राजानें राखलेलीं वनें

आतां जुन्या साधनांकडे वळूं. त्यांत प्रथम कौटिलीय अर्थशास्त्राचा विचार केला पाहिजे. हा ग्रंथ आज सर्वांच्या तोंडीं असला तरी तो हातीं आला तो एका संग्राहकाच्या कृपेनें, हें येथें स्मरणीय आहे. तंजावर प्रांतांतील एका पंडितानें म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयास दिलेली ताडपत्री पोथी तेथील ग्रंथपाल र. शामशास्त्री यांच्या पाहण्यांत आली. १९०५ पासून त्यांनीं तिचा परिचय करून दिला व १९०९ सालीं ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. पुढें रा. प. कंगले यांनीं मुंबई विद्यापीठातर्फे १९६० सालीं त्याची चिकित्सक आवृत्ति काढली. ग्रंथाच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. त्यांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं.

दुसऱ्या अधिकरणांतील भूमिच्छिद्रविधान या प्रकरणांत, शेतीस निरुपयोगी अशा जमिनीची व्यवस्था सांगितली आहे. तींत वनांचे निरनिराळे प्रकार येतात. तपस्व्यांस द्यावयाचीं अरण्यें, जेथें स्थावर व जंगम या दोहोंसही अभय दिलेलें आहे. राजाच्या विहारासाठीं एकच द्वार असलेलें, खंदकानें वेढलेलें मृगवन. प्रत्यंतास, जेथें सर्व प्राणी पाहुण्यांप्रमाणें राहतील असें दुसरें मृगवन. लांकूड, वेळू, साली इत्यादि मालासाठीं द्रव्यवनें. आणि राज्याच्या सीमेवर हस्तिवन. हस्तिवनांत हत्ती मारणारास देहांत शासन आहे, आणि आपोआप मेलेल्या हत्तीचे दोन्ही दांत आणून देणारास सव्वाचार पण बक्षीस आहे. म्हणजे रक्षणासाठीं दंड आणि लोभ या दोहोंचाही उपयोग केला आहे. सूनाध्यक्षाच्या प्रकरणांत, ज्यांस अभय दिलें आहे अशा व अभयवनांत राहणाऱ्या पशुपक्ष्यांस व मत्स्यांस धरणें, मारणें किंवा इजा करणें यास उत्तम साहसदंड सांगितला आहे. मात्र अभयवनाच्या आवारांत राहणाऱ्या कुटुंबिकांच्या हातून तोच अपराध घडल्यास दंड मध्यम. वनांत माणसें राहतात व त्यांचा विचार निराळा करावा लागतो, ही जाणीव त्या लहानशा भेदांत दिसते.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. आज कायद्यानें संरक्षित केलेल्या क्षेत्रास आपण मराठींत अभयारण्य म्हणतों. शब्द सारखा म्हणून संस्थाही तीच, असें समजणें चूक होय. कौटिल्याच्या योजनेंत राज्याचें उत्पन्न, सैन्य व शोभा हे हेतु मुख्य आहेत. हत्ती राखला तो युद्धासाठीं, लांकूड राखलें तें कोठारासाठीं. देवराईचा तेथें प्रत्यक्ष उल्लेख नाहीं; चैत्यवृक्षांचा आहे, तो पुढें पाहूं.

अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांतील आज्ञा या मानानें निराळी आहे. हे स्तंभलेख १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेप यांनीं ब्राह्मी लिपीचा उलगडा केल्यावर वाचतां आले. राज्याभिषेकास सव्वीस वर्षें झाल्यावर काढलेल्या या आज्ञेंत राघू, मैना, चक्रवाक, हंस यांपासून अनेक प्राण्यांची नांवनिशीवार यादी देऊन ते अवध्य ठरविले आहेत, आणि कारणावांचून किंवा प्राणिहिंसेसाठीं वनें जाळूं नयेत असें सांगितलें आहे. हेतु येथें धर्माचा आहे. परंतु अधिकार राजाचाच. वन कोणतें व त्याची हद्द कोठवर, याचा निर्देश या लेखांत नाहीं.

४. झाडांचा दंड व शिवेचीं झाडें

स्थळाशीं बांधलेलें रक्षण पाहावयाचें तर दंडाच्या प्रकरणांकडे गेलें पाहिजे. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत नगरोपवनांतील फुलें, फळें व सावली देणाऱ्या झाडांचे कोंब तोडल्यास सहा पण, लहान फांद्या तोडल्यास बारा, मोठ्या फांद्यांस चोवीस, खोड तोडल्यास प्रथम साहसदंड व समूळ उच्छेद केल्यास मध्यम साहसदंड असा चढता क्रम दिला आहे. लागलीच पुढें सांगितलें आहे कीं, सीमेवरील झाडें, चैत्यांतील झाडें, प्रसिद्ध झाडें आणि राजवनें यांच्या बाबतींत हाच दंड दुप्पट करावा. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांतही हीच व्यवस्था आहे. तेथें वीस पणांपासून चढत्या दंडाची योजना असून चैत्य, श्मशान, सीमा, पुण्यस्थान व देवालय येथें वाढलेल्या, तसेंच विख्यात अशा झाडांविषयीं तो दुप्पट केला आहे.

या दोन वचनांत सीमा व चैत्य हीं जोडीनें यावीं हें लक्षांत घेण्यासारखें आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत दोन गांवांच्या सीमेवर वड, पिंपळ, पळस, सांवर, साल, ताड व चिकाचीं झाडें लावावीं असें सांगून, शिवाय दगड, हाडें, भुसा, राख, खापऱ्या, कोळसे अशा सहसा न कुजणाऱ्या वस्तु जमिनींत पुरून गुप्त खुणा कराव्या असेंही सांगितलें आहे. झाड हें साक्षीदार होतें. तें तोडणें म्हणजे साक्षीदार मारणें. दंड दुप्पट असण्याचें एक कारण यांतच असावें. आपल्याकडे अनेक देवराया गांवाच्या शिवेलगत आहेत, ही गोष्ट या संदर्भांत विचार करण्याजोगी आहे. स्मृतिकारांच्या चैत्यास व आजच्या देवराईस एकच मानणें मात्र अप्रमाण होईल. दोहोंमध्यें अनेक शतकांचें अंतर आहे व तें भरून काढणारे सलग पुरावे पाहिजेत.

५. आज्ञापत्रांतील झाडें

मराठी साधनांत सर्वांत प्रसिद्ध उतारा आज्ञापत्रांतील आहे. वनमहोत्सवाच्या फलकांवर, शाळांच्या भिंतींवर व सरकारी पत्रकांत तो शिवाजी महाराजांचें आज्ञापत्र म्हणून देण्याची चाल पडली आहे. आज्ञापत्र हा ग्रंथ रामचंद्रपंत अमात्य यांचा. त्याची रचना इ. स. १७१५-१६ च्या सुमाराची, म्हणजे महाराजांच्या निर्वाणानंतर (१६८०) सुमारें पस्तीस वर्षांनीं झालेली. अमात्यांनीं महाराजांच्या कारकीर्दींत सेवा केली होती, म्हणून त्यांतील नीति त्या काळापासून चालत आलेली असणें संभवनीय आहे. पण शब्द अमात्यांचे आहेत, आणि संशोधकानें तसेंच म्हटलें पाहिजे.

उतारा मुळांत आरमाराच्या प्रकरणांत आहे, हें बहुतेकांस ठाऊक नसतें. गलबतांस लांकूड लागतें. तें कोठून घ्यावें हा तेथें प्रश्न आहे. अमात्य सांगतात त्याचा आशय असा : रानांतील सागासारखें लांकूड हुजुरची परवानगी घेऊन तोडावें, जास्त लागेल तें परमुलखांतून विकत आणावें, आंबा, फणस हीं झाडें आरमाराच्या उपयोगाचीं असलीं तरी त्यांस हात लावूं नये, कारण तीं वर्षां-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात आणि त्यांच्या दुःखावर उभारलेलें कार्य टिकत नाहीं, अगदीं जीर्ण झालेलें झाड हवें असल्यास धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, मग तोडावें, बलात्कार सर्वथा करूं नये. याशिवाय दुर्गांच्या प्रकरणांत किल्ल्याच्या घेऱ्यांतील झाडी प्रयत्नें वाढवावी व तींतील काठीही तोडूं देऊं नये असें आहे; तेथें हेतु गडाच्या संरक्षणाचा.

या उताऱ्याचें मोल त्याच्या संदर्भांत वाचल्यानें कमी न होतां वाढतें. राज्याची निकड आणि रयतेचा हक्क यांचा विरोध येतो तेव्हां काय करावें, याचा हा निर्णय आहे. झाड राखण्याचें कारण येथें मालकाची संमति हें आहे. परंतु देवराईचा आधार म्हणून हा उतारा पुढें करणें योग्य नव्हे. देवाच्या झाडांविषयीं तेथें कांहींच सांगितलेलें नाहीं.

६. तीन प्रकारचें रक्षण

आतांपर्यंतच्या विवेचनावरून जुन्या काळीं वनाचें व झाडांचें रक्षण तीन अधिकारांनीं होत असे असें दिसतें. पहिला राजाचा : हस्तिवन, द्रव्यवन, गडाचा घेरा. दुसरा मालकाचा : रयतेचें आंबा-फणसाचें झाड. तिसरा देवाचा, म्हणजे व्यवहारांत गांवाचा : चैत्य, देवराई, देवरहाटी. पहिल्याविषयीं शास्त्रग्रंथ बोलतात, दुसऱ्याविषयीं राजनीति बोलते. तिसऱ्याविषयीं ग्रंथांत फार थोडें आहे, कारण तो गांवकीच्या तोंडीं वहिवाटीनें चालला. त्याचे लेखी अवशेष गांवच्या कागदांतच शोधले पाहिजेत. आणि ब्रिटिश अमदानींत सर्वांत मोठा फटका बसला तो याच तिसऱ्या अधिकारास.

७. कायद्याची वाटचाल

मुंबई इलाख्यांत १८४७ सालीं डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांस वनसंरक्षक नेमण्यांत आलें. पुढें १८६५ व १८७८ चे वनकायदे झाले. १८७८ च्या कायद्यानें राखीव, संरक्षित व ग्रामवन असे तीन वर्ग पाडले आणि १९२७ च्या कायद्यांत तेच कायम राहिले. ग्रामवनाचें कलम बव्हंशीं कागदावरच राहिलें. वन राखीव करतांना चौकशी अधिकारी जाहीरनामा काढी. ठराविक मुदतींत जो हक्क सांगितला जाणार नाहीं तो नष्ट होई. येथें अडचण अशी कीं, दैवत अर्ज करीत नाहीं, आणि गांवास आपली वहिवाट हा एक "हक्क" आहे व तो लिहून द्यावा लागतो हें माहीत नसे. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील वनांविषयींच्या तक्रारी इतक्या वाढल्या कीं १८८५ सालीं सरकारास वन-आयोग नेमावा लागला. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत वनखात्यावर कोरडे ओढले आहेत, तेही याच परिस्थितीचे द्योतक होत.

स्वातंत्र्यानंतर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अभयारण्यें व राष्ट्रीय उद्यानें यांची व्यवस्था लावली. भीमाशंकराचें अभयारण्य १९८५ चें. त्याच्या परिसरांत महादेव कोळ्यांच्या गांवांनीं राखलेल्या देवराया त्यापूर्वीपासून आहेत. पुढें २००२ च्या दुरुस्तीनें दोन नवे प्रकार आले. सरकारी मालकीच्या जागेवर, स्थानिक लोकांचा विचार घेऊन, संवर्धन राखीव क्षेत्र करतां येतें; आणि खासगी अथवा समाजाच्या जागेवर, लोक आपण होऊन पुढें आल्यास, सामुदायिक राखीव क्षेत्र करतां येतें. त्याच २००२ सालच्या जैवविविधता कायद्यांत वारसास्थळाचा मार्ग आहे. म्हणजे देवराईस कोणतें संरक्षण मिळेल व तिचा कारभार कोण पाहील, हें सर्वस्वीं "जागा कोणाची" या एका प्रश्नावर अवलंबून आहे.

वनहक्कांच्या २००६ च्या कायद्याखालीं जे नियम २००८ च्या आरंभीं अमलांत आले त्यांत पुराव्याची यादी आहे. तींत गॅझेटियर, जमाबंदीचे अहवाल, नकाशे, न्यायनिवाडे, रूढींच्या नोंदी, पूर्वींच्या संस्थानांचे कागद, तसेंच विहिरी, दफनभूमि व पवित्र स्थळें यांसारख्या जुन्या खुणा आणि वृद्धांच्या जबान्या हीं सर्व ग्राह्य मानलीं आहेत. सर्वोच्च न्यायालयानें १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानें वन या शब्दाचा कोशांतील अर्थ, मालकी कोणाचीही असो, लागू केला. आणि १८ डिसेंबर २०२४ च्या निर्णयांत राजस्थानांतील ओरण, देववन इत्यादि पवित्र वनांची जागेवर व उपग्रहाच्या साह्यानें आंखणी करण्याचा हुकूम देऊन देशभरच्या अशा वनांसाठीं धोरण आखावें असें केंद्र सरकारास सुचविलें. उपग्रह झाडी दाखवील. ती झाडी कोणत्या देवाची व कोणत्या गांवाची, हें तो दाखवूं शकत नाहीं.

८. कोणते कागद उपयोगाचे

संग्राहकांनीं पुढील कागदांकडे लक्ष द्यावें अशी विनंती आहे.

पहिले हद्दीचे महजर. शिवेच्या तंट्यांत गोतानें जमून जे महजर केले त्यांत ओढे, दगड, वारुळें व झाडें यांचीं नांवें क्रमानें येतात. ज्या झाडाचें किंवा राईचें नांव हद्दीची खूण म्हणून आलें असेल त्याची जागा आजही शोधतां येते. असा कागद केवळ वतनाच्या वादासाठीं पाहून बाजूस ठेवूं नये.

दुसऱ्या इनामसनदा. यांच्या बाबतींत विशेष सावधगिरी हवी. मराठी सनदांत जल, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप यांसहित जमीन दिल्याचें येतें, आणि राष्ट्रकूट व शिलाहारांच्या ताम्रपटांत सवृक्षमालाकुल हें विशेषण येतें. हे लेखनाचे ठराविक सांचे आहेत. काष्ठ शब्द आला म्हणून तेथें वन होतें, असें अनुमान करणें चुकीचें होईल. याच्या उलट, सांच्याबाहेर एखादें झाड, राई किंवा देवाची जागा वगळल्याचा उल्लेख असेल तर तो अत्यंत मोलाचा समजावा.

तिसरे देवस्थानांचे जमाखर्च. पडलेल्या झाडाचें लांकूड कोणास दिलें, कोणत्या कारणानें, किती रकमेस, आणि कोणाच्या संमतीनें, याच्या एकदोन ओळी त्यांत सांपडण्याचा संभव असतो. "काय घेण्याची मुभा होती" या प्रश्नाचें उत्तर देणारा याहून चांगला पुरावा नाहीं.

चौथे इनाम कमिशनचे कागद. १८५२ च्या कायद्यानें इनामांची चौकशी झाली तेव्हां गांवोगांवच्या देवस्थानांच्या कैफियती घेतल्या गेल्या. त्यांच्या नकला अनेक घरांत आहेत. पांचवे संस्थानी दप्तरांतील सुटे कागद. भोर, सावंतवाडी, जंजिरा, कोल्हापूर, जव्हार येथील कारभार १९४८-४९ च्या विलीनीकरणापर्यंत निराळा होता. त्यांचे वनांविषयींचे हुकूम ब्रिटिश मुलखांतील नोंदींत मिळावयाचे नाहींत, आणि वर सांगितलेल्या नियमांत अशा कागदांस स्पष्ट स्थान आहे.

वाचनाविषयीं तीन सूचना. मापें मूळ शब्दांत उतरून घ्यावीं, एकदम एकरांत आणूं नयेत. वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा व एकशें वीस बिघ्यांचा एक चावर हें कोष्टक खरें. पण काठी सर्वत्र सारखी नव्हती. पांच हात पांच मुठींची शिवशाही काठी धरावी कीं दुसरी, हें ठरल्याशिवाय बिघ्याचें क्षेत्र ठरत नाहीं. दुसरी सूचना, कागद गप्प असला म्हणून राई नव्हती असें मानूं नये. जिच्यावर सारा नाहीं व तंटा नाहीं अशा जागेचा कागद होण्याचें कारण नसतें. तिसरी सूचना अप्रिय आहे, पण ती सांगणें प्राप्त आहे. गांवाची वहिवाट म्हणजे सर्व गांवाची संमति असेंच नव्हे. महजरावर निशाण्या वतनदारांच्या आहेत. कित्येक रायांत स्त्रियांस प्रवेशाची बंदी आहे. जुन्या व्यवस्थेचें रक्षण करतांना तींतील हें वगळणें झाकूं नये. कागद जें सांगतो तें सर्व छापावें, सोयीचें तेवढेंच नव्हे.

९. समारोप

शास्त्रज्ञांनीं पन्नास वर्षें श्रम करून देवरायांतील झाडांचीं नांवें लावलीं. जागेच्या नांवांचें काम अजून बाकी आहे, आणि तें आपलें आहे. एखाद्या राईची आंखणी होऊन ती सरकारी कागदीं एकदां ज्या नांवें लागली त्या नांवेंच पुढें राहील. मागाहून निघालेल्या महजरास दावा दाखल करून, खर्च सोसून, वर्षानुवर्षें वाट पाहावी लागेल. उलट पक्षीं, गांवच्या कुळकर्ण्यांच्या व गुरवांच्या घरांतील बाडें वाळवीच्या, ओलीच्या व रद्दीवाल्याच्या वाटेवर आहेत. राजांचीं व सरदारांचीं पत्रें संग्रहांत येतात, छापलीं जातात. काळकाईच्या रहाटींतील पडलेल्या झाडाची नोंद मात्र क्षुद्र म्हणून टाकली जाते.

तरी ज्यांच्याजवळ हद्दीचे महजर, देवस्थानांचे जमाखर्च किंवा तत्सम कागद असतील त्यांनीं त्यांतील राई, रहाटी, देवाचें रान, शिवेचें झाड अशा उल्लेखांची नक्कल, गांव, तर्फ, मिति व मूळ मापांसह, करून ठेवावी; मूळ कागद जेथें असेल तेथेंच राहूं द्यावा, पण नक्कल त्या गांवच्या ग्रामसभेस अवश्य पोहोंचवावी. संशोधनाचा उपयोग काय, असें आपणांस वारंवार विचारलें जातें. येथें तरी त्याचें उत्तर सरळ आहे : शंभर वर्षांपूर्वीं कोणी लिहून ठेवलेल्या चार ओळींवर एक झरा व त्याच्या कांठचीं झाडें उभीं राहतील कीं नाहीं, हें ठरावयाचें आहे.